सकाळी आठ, संध्याकाळी सहा आणि खांबाची सावली

तुमचं पत्र: "गेली तीन वर्षं मी माझ्या शहराचे फोटो काढते आहे. देखावे नाहीत, इमारती नाहीत. रोजची माणसं, रस्ते, बसथांबे, गर्दी. शहराचं एक अख्खं वर्ष फोटोंतून दिसावं, ऋतू बदलताना माणसांचं रोजचं जगणं कसं बदलतं ते कळावं, एवढीच इच्छा. सुट्टीच्या दिवशी दर वेळी नव्या भागात जाते. अकरा हजारांवर फोटो जमले. मागच्या आठवड्यात बारा महिन्यांचे बारा निवडले, मैत्रिणीसमोर ठेवले आणि विचारलं, कुठला कधीचा ते सांग. तिला तीनच ओळखता आले, तेही त्यात छत्र्या होत्या म्हणून. तेव्हापासून कॅमेरा कपाटात आहे. शहरात ऋतू नसतातच का? त्यासाठी बाहेरच जायला हवं का? सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी सहाला ऑफिसातून सुटते, मधला दिवस दिव्यांखाली जातो. अनोळखी माणसांचे फोटो घेताना हात कापतात ते वेगळंच. कॅमेरा बदलू का?"

कॅमेरा कपाटातून काढा, बदलू नका. बाकीचं सविस्तर सांगते.

मैत्रिणीसमोर बारा फोटो मांडलेत, हे तीन वर्षांतलं तुमचं सगळ्यात मोलाचं काम आहे. बहुतेक जण हे करतच नाहीत. आपल्याला फोटो काढतानाचा गारठा आठवत असतो, घाम आठवत असतो, त्यामुळे तो फोटोत उतरला आहे असंच वाटत राहतं. समोरच्याला मात्र फक्त कागद दिसतो. तिला नऊ फोटो ओळखता आले नाहीत, याचं दुःख करू नका. ते नऊ पुन्हा काढून बघा आणि स्वतःला विचारा, मला यात कोणता महिना दिसतोय आणि कशावरून? तुमच्याकडेही छत्रीखेरीज दुसरा पुरावा नसेल, तर घोडं कुठे पेंड खातंय ते कळेल.

माझ्या मते ते अडतंय तुमच्या "दर वेळी नव्या भागात" या चार शब्दांपाशी. बदल दिसायचा तर काहीतरी न बदलणारं लागतं. जागा दर वेळी नवी असेल, तर पाहणाऱ्याचं सगळं लक्ष ती जागा ओळखण्यातच जातं. तिथला उजेड, तिथल्या माणसांची उभं राहायची तऱ्हा, अंगावरचे कपडे हे सगळं त्या जागेच्याच खात्यावर जमा होतं. तेव्हा शहराबाहेर जायचा विचार सोडून द्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं होईल ते. येत्या वर्षासाठी एक जागा धरा, फार तर दोन, आणि त्या तुमच्या रोजच्या वाटेवरच्याच असू द्या.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातली घड्याळाची छोटी बॅटरी संपली होती आणि मला पत्ता नव्हता. मोठी बॅटरी चार्जिंगला काढली की तारीख परत १ जानेवारी. कार्ड रिकामं केलं की फोटोंचे क्रमांकही पुन्हा एकपासून. वर्षभर मी रोज सकाळी साधारण त्याच वेळेला एका इमारतीच्या पायऱ्यांसमोर थांबून एकेक फोटो घेत होते, आणि वर्ष संपल्यावर पाहते तर काय, सगळ्या तारखा एकमेकांत कालवलेल्या. दोन दिवस नुसती बसून राहिले. मग एका फोटोत लक्ष गेलं ते दिव्याच्या खांबाच्या सावलीकडे. ती तिसऱ्या पायरीपर्यंत पोचली होती. दुसऱ्या फोटोत पाचवीपर्यंत, आणखी एकात पहिलीलाही शिवली नव्हती. मी सगळे फोटो जमिनीवर पसरले आणि सावलीच्या पायरीप्रमाणे लावायला घेतले.

काम निम्मंच झालं, कारण प्रत्येक पायरीवर सावली वर्षातून दोनदा येते, एकदा जाताना आणि एकदा परतताना. सावली त्याच पायरीवर, पण एक फोटो थंडी सुरू होतानाचा आणि एक ती सरतानाचा, कुठला कुठे? मग मी माणसांकडे बघायला लागले. एका फोटोतल्या बाईच्या स्वेटरवर छातीपासून पोटापर्यंत घडीची सरळ रेघ होती. कपाटात सहा-सात महिने घडी घालून ठेवलेला स्वेटर तिने त्याच दिवशी बाहेर काढला असणार. दुसऱ्या फोटोत तसाच एक स्वेटर एका माणसाच्या अंगात होता. घडी कुठेच नव्हती, कोपरांशी लोकर सैल पडलेली, आणि दोन्ही बाह्या मनगटापासून वर सरकवलेल्या. पहिला थंडी सुरू होतानाचा, दुसरा सरतानाचा. फोटो घेताना मला यातलं काहीही दिसलं नव्हतं. पण जागा एकच होती, वेळ एकच होती, म्हणून ते सगळं आपोआप नोंदलं गेलं होतं.

आता तुमच्या आठ आणि सहाकडे वळू. तुम्ही ती अडचण म्हणून लिहिली आहे. माझ्या मते तुमच्याकडची सगळ्यात भारी वस्तू तीच आहे. घड्याळ बांधलेलं असलं की उजेड त्याच्याभोवती फिरताना दिसतो. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या बाहेरच्या शहरांत दुपारच्या सूर्याच्या उंचीत उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या टोकांमध्ये ४७ अंशांचा फरक पडतो. या दोन वृत्तांच्या मधल्या शहरांत सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो आणि त्या दुपारी खांबाची सावली खांबाच्या पायातच राहते. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली माणसाएवढीच, २० अंशांवर उतरला की जवळजवळ पावणेतीनपट. उंच इमारतींच्या रस्त्यात याचा अर्थ असा की काही महिने ऊन फुटपाथपर्यंत येतच नाही, वरच्या मजल्यांवरूनच परत जातं. विषुववृत्तापासून जितकं लांब, तितका दिवस लहान-मोठा होण्याचा फरकही मोठा. म्हणजे तुमचे संध्याकाळचे सहा कधी लख्ख उन्हातले, कधी तिरप्या सोनेरी उजेडातले, कधी दिवे लागल्यानंतरचे. नेमकं सहाला सुटणाऱ्या माणसाला हे वर्षभर फुकट बघायला मिळतं.

रस्त्याची दिशाही बघून ठेवा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधले आडवे रस्ते खऱ्या पूर्व-पश्चिमेपासून सुमारे २९ अंश वळलेले आहेत, म्हणून तिथे मावळता सूर्य बरोब्बर रस्त्याच्या टोकाशी उतरतो तो मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास. लोक त्यासाठी गर्दी करतात. पण सूर्य क्षितिजावर जिथपर्यंत सरकतो त्या टप्प्यात तोंड असलेल्या कुठल्याही सरळ रस्त्याला असे वर्षाचे दोन दिवस असतात. तुमच्या रस्त्याचे कोणते ते कुणी छापून ठेवलेले नसतील. तुम्हालाच शोधावे लागतील. त्या दोन दिवसांच्या आसपास समोरून येणारा प्रत्येक माणूस काळ्या आकृतीसारखा दिसतो आणि त्याच्या कडेला उजेडाची बारीक रेघ धरते.

जागा निवडताना एकच बघा, तिथे माणसं थांबतात का. नुसती वाहती गर्दी फोटोत एकसारखी होते. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार दु ताँप्लचं जे चित्र खिडकीतून टिपलं, त्यात अख्खा वर्दळीचा रस्ता रिकामा दिसतो. प्लेटवर उजेड पडायला काही मिनिटं लागायची, तोवर चालणारे पुसले जायचे. राहिला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय उचलून उभा असलेला एक माणूस. आजचा कॅमेरा चालत्या माणसालाही धरतो, पण मला अजूनही वाटतं की ऋतू दिसतो तो थांबलेल्या माणसातच. सिग्नल, बसथांबा, पायऱ्या, पुलाखालचा कोपरा, स्टेशनाचं तोंड, काहीही चालेल.

सिग्नलला काय होतं ते सांगते. कडक उन्हात पलीकडे जायला थांबलेली माणसं खांबाच्या सावलीत उभी राहतात. सावली वीतभर रुंद, त्यात सहा जण एकामागे एक, रांग लावल्यासारखे. कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. पहिल्याचा चेहरा सावलीत, खांदा उन्हात. थंडीत तीच माणसं तीच सावली टाळून बाहेरच्या उन्हाच्या पट्ट्यात गोळा होतात आणि खांबाजवळची जागा मोकळी पडते. खांब तोच, सिग्नल तोच. हे दोन फोटो शेजारी ठेवा, तुमच्या मैत्रिणीला एकही छत्री लागणार नाही.

आणि हात बघा. चेहरे शहरात जपून वापरले जातात, हात बेसावध असतात. उन्हात फाइल नाहीतर मोबाइल कपाळावर आडवा धरलेला, पावसात पिशवी पोटाशी कवटाळलेली, थंडीत बोटं बाहीच्या आत ओढून घेतलेली. पँटच्या दुमडी बघा, एक वर आणि एक खाली. घाईत उजव्या पायाची नीट झाली, डाव्याची राहिली.

सगळ्यात जास्त लक्ष ऋतूंच्या सांध्यावर द्या, हे मात्र आग्रहाने सांगते. ऐन पावसातले, ऐन थंडीतले फोटो सगळेच काढतात. खरं बघण्यासारखे असतात ते मधले आठ-दहा दिवस, जेव्हा शहराचं एकमत झालेलं नसतं. एकाच बाकावर एक जण मफलर गुंडाळून, शेजारचा अर्ध्या बाह्यांत. आकाश भरलंय, निम्म्या हातांत छत्र्या आहेत, बाकीचे वर बघताहेत. असे दिवस आले की थोडं लवकर निघा, एक बस सोडा, दुसरीने जा. ते पुन्हा वर्षभर येणार नाहीत.

पावसाबद्दल. भिजायला जाऊ नका. बहुतेक वेळा आडोशाला उभं राहून जास्त मिळतं. तिथे माणसं चिकटून उभी असतात, कोणी घड्याळ बघतं, कोणी पाय पुढे काढून पाऊस किती आहे ते आजमावतं. काचेतून काढा. छायाचित्रकार सॉल लायटर १९५२ पासून २०१३ मध्ये जाईपर्यंत न्यूयॉर्कच्या ईस्ट टेन्थ स्ट्रीटवरच राहिले आणि त्यांचे कितीतरी रंगीत फोटो घरापासून चालत जाण्याच्या अंतरात घेतलेले आहेत, बरेचसे वाफाळलेल्या, ओल्या काचांमधून. तुमच्या बसची खिडकी तेच काम करेल. आधी फोकस काचेवरच्या थेंबांवर ठेवा, मग पलीकडच्या माणसावर. दोन्ही घ्या आणि घरी जाऊन ठरवा. कुणी तळहाताने काच पुसली असेल तर ती पुसलेली जागा सोडू नका, हाताची गोलाई त्यात उमटलेली असते आणि बाहेरचं शहर तेवढ्याच चौकटीत दिसतं. पावसाच्या रेघा हव्या असतील तर शटर १/६० सेकंदाच्या आसपास आणि उजेड समोरून, म्हणजे दिवा किंवा मोटारीचे हेडलाइट पावसाच्या मागे. तुमच्या पाठीमागून उजेड असला तर पाऊस दिसतच नाही. पाऊस थांबल्यावरची पंधरा-वीस मिनिटं मात्र चालत फिरा. रस्ता आरशासारखा असतो आणि लोक अजून छत्री मिटायची की नाही या विचारात असतात.

थंडीत आणि धुक्यात कॅमेरा चुकतो, तुम्ही नाही. समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून तो उजेड मोजतो, म्हणून धुकं किंवा बर्फ फोटोत मळकट येतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). गारठ्यात बॅटरी लवकर बसते, जादाची एक अंगाशी असलेल्या खिशात ठेवा. बाहेरच्या गारठ्यातून उबदार खोलीत येताना कॅमेरा आधी पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि अर्धा-एक तास तसाच राहू द्या, नाहीतर भिंगावर दव धरतं. थंडगार ऑफिसातून दमट हवेत येतानाही तेच होतं. पुसू नका, थांबा.

थांबणं तर आलंच. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ २२ फेब्रुवारी १८९३ ला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिमवादळात हातातला कॅमेरा घेऊन योग्य क्षणासाठी तीन तास उभे राहिले, असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. घोडागाडी वादळ कापत येते आहे, असा तो फोटो. आणि जो सगळ्यांना माहीत आहे तो मूळ फोटोचा कापून घेतलेला भाग आहे. तुम्हाला तीन तास मिळणार नाहीत, पण दहा मिनिटं रोज मिळतील. घरी आल्यावर कापायलाही लाजू नका.

उन्हाळ्यासाठी थोडकं. भर दुपारी सावलीतला चेहरा उजळवायच्या नादी लागू नका. उजेडाच्या जागेवर एक्स्पोजर धरा, सावली काळी पडू द्या, आणि त्या काळ्यातून माणूस उन्हात पाऊल टाकेपर्यंत वाट बघा. मोबाइल असेल तर उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. त्याआधी भिंग रुमालाने पुसा, उन्हाळ्यात ते कायम घामट असतं. संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटं आकाश निळं राहतं, तेव्हा माणसं आणि दिवे दोन्ही सांभाळता येतात.

आता हात कापण्याबद्दल. ते कापतात याचा मला आनंद वाटला, कारण समोरच्या माणसाला आपण दुखवू नये ही काळजी त्यात आहे. वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो घेतले, आणि ते पुस्तकरूपाने आले १९६६ मध्ये. इतकी वर्षं त्यांनाही ते जपून ठेवावे लागले, हे मला महत्त्वाचं वाटतं. मी लपवून काढायच्या विरोधात आहे. कॅमेरा गळ्यात, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. एकाच जागी महिनाभर उभ्या राहिलात की तुम्ही तिथल्याच होता. नव्या भागात दर वेळी परक्या असता, म्हणूनही हात कापतात. कुणी बघितलं तर मान हलवून हसा. कुणी "नको" म्हटलं तर तिथल्या तिथे पुसा, वाद घालू नका. आजारी, रडणारा, रस्त्यावर झोपलेला माणूस आणि एकटं मूल, यांचे फोटो मी घेत नाही. तुमच्या देशाचा कायदाही बघून घ्या. जर्मनीत १९०७ पासून कुणाचा फोटो प्रसिद्ध करायला, काही अपवाद सोडले तर, त्याची संमती लागते. जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले तेव्हा त्यांच्या खोलीत शिरून दोघांनी मृतदेहाचे फोटो काढले, त्यावरून उठलेल्या वादळातून तो कायदा आला.

हात स्थिर व्हायला एक साधी युक्ती आहे. ३५ मिमी लेन्स असेल तर छिद्र एफ/८ ला आणि फोकस तीन मीटरवर ठेवून द्या. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यात साधारण दोन मीटरपासून सातपर्यंत सगळं स्पष्ट येतं. शटर १/२५० सेकंद, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्याला ठरवू द्या. मग डोळा लावून काही जुळवत बसायची गरज नाही, माणूस त्या टप्प्यात आला की बटण दाबायचं.

अकरा हजार फोटो टाकू नका. ते महिन्यांच्या नव्हे, जागांच्या फोल्डरमध्ये लावून बघा. कदाचित एखादा बसथांबा नकळत आठ-दहा वेळा आला असेल. तसं असेल तर तुमचं काम तीन वर्षांपूर्वीच सुरू झालेलं आहे आणि तीच जागा पुढे चालवा. दर महिन्याच्या शेवटी त्या जागेचे चार-पाच छोटे प्रिंट काढा, स्क्रीनवर नाही तर जमिनीवर मांडा, एक ठेवा. मैत्रिणीला वर्षभर काहीही दाखवू नका, मग पुन्हा बारा ठेवा. छत्रीचा एकही नको.

उद्या आठला निघताना तुमच्या वाटेवरच्या एखाद्या खांबाची सावली कुठपर्यंत पोचते ते फक्त बघा, फोटो परवा घेतलात तरी चालेल. आणि आज रात्री कॅमेऱ्याची तारीख तपासा.